पाच सामन्यांचा न्याय

१९९६च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकी बेसबॉल क्लबाने आपला मॅनेजर टेरी कॉलिन्स याला नारळ दिला आणि त्याच्या जागी लॅरी डायर्करला आणले. डायर्कर तेव्हा पन्नाशीचा होता. एके काळी तो याच क्लबाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, होता आणि १९७९पासून याच क्लबाच्या सामन्यांचे रेडिओ-टीव्हीवर समालोचन करत होता. त्या अठरा वर्षांत त्याने कुठल्याही संघाला, अगदी खालच्या लीगमधल्या पोरांनाही, शिकवलेले नव्हते. माइक ठेवला आणि थेट डगआउटमध्ये, संघाच्या बाकावर, जाऊन बसला.

बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे काय, हे क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर कर्णधार आणि प्रशिक्षक एकाच अंगरख्यात. फलंदाजीचा क्रम तो ठरवतो, पिचर कधी थकला हे तो ओळखतो, कुणाला उठवून कुणाला पाठवायचे हा हुकूम त्याचा. मैदानावरच्या कर्णधाराला तिथे फारसे स्थान नाही. असे पद समालोचकाला देताना ॲस्ट्रोजचा जनरल मॅनेजर गेरी हन्सिकर याने दोन जुन्या समजुती एकाच वेळी धुडकावल्या. समालोचक हा काठावरचा पोहणारा, ही एक. आणि मॅनेजर व्हायचा तो कॅचर, पिचर कधीच नाही, ही दुसरी. कॅचर सगळे मैदान समोर ठेवून बसतो, प्रत्येक चेंडूचा इशारा देतो, म्हणून त्याला खेळ कळतो. पिचरला फक्त आपला हात कळतो, असे त्या खेळातले जाणते सांगत आले आहेत.

मला या दोन्ही समजुती खोट्या वाटतात. समालोचनाची खोली ही मॅनेजर घडवण्याची चांगली शाळा आहे आणि डायर्करची पाच वर्षे हा त्याचा पुरावा आहे. पण तो पुरावा कुणी मोजत नाही. कारण त्याच्या नावापुढे दुसराच एक आकडा लिहिला गेला आहे.

आधी खेळाडू डायर्कर. २२ सप्टेंबर १९६४ रोजी, आपल्या अठराव्या वाढदिवशी, तो ह्यूस्टनकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. संघाचे नाव तेव्हा कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज होते. समोर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि त्यांच्यात दिग्गज फलंदाज विली मेज. पहिल्याच डावात पोराने मेजला तीन स्ट्राइकवर परत पाठवले. गोष्ट इथेच संपवली तर छान दिसते. पण तिसरा डाव पुरा व्हायच्या आत त्याला बाहेर काढावे लागले आणि सामना गेला. पुढच्या वर्षी क्लब ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या अवाढव्य स्टेडियममध्ये राहायला गेला. छताच्या काचांमधून येणाऱ्या उजेडात उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून काचा रंगवल्या. काचा रंगवल्यावर ऊन मिळेना, म्हणून गवत मेले. गवत मेले म्हणून १९६६ साली कृत्रिम हिरवळ अंथरली. आपल्या हॉकीच्या घसरणीचे खापर ज्या ॲस्ट्रोटर्फवर आपण इतकी वर्षे फोडत आलो, त्याचे नाव या स्टेडियमवरून पडले आहे.

१९६९ साली बावीस वर्षांच्या डायर्करने २० सामने जिंकले. या क्लबाच्या कुठल्याही पिचरने तोवर ते केले नव्हते. त्या एका मोसमात त्याने ३०५ डाव टाकले. आज मोसमात २०० डाव टाकणारा पिचर दुर्मीळ झाला आहे, यावरून त्या हाताकडून किती काम काढून घेतले असेल याचा अंदाज येतो. १९७६च्या जुलैमध्ये मॉन्ट्रियल एक्स्पोजविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. पण तोवर हात उतरणीला लागला होता. सेंट लुइस कार्डिनल्सकडे एक मोसम काढला आणि १९७८च्या वसंतात त्यांनीही मोकळे केले. वय एकतीस. खात्यावर १३९ विजय आणि १२३ पराभव.

आता त्या ‘पिचरला फक्त आपला हात कळतो’कडे येऊ. सामना सुरू करणारा पिचर रोज खेळत नाही. डायर्करच्या काळात तो चौथ्या दिवशी टाकायचा, आता पाचव्या. मधले दिवस तो बाकावर बसतो आणि पाहतो. फलंदाजाला रोज चार वेळा आपली पाळी येते, रोज आपलीच काळजी असते. पिचर मात्र पगारी प्रेक्षक असतो. अठराव्या वर्षापासून डायर्करने खेळ खेळला त्याहून कितीतरी जास्त पाहिला, आणि उद्या आपल्याला याच फलंदाजांना सामोरे जायचे आहे या नजरेने पाहिला. समालोचनाच्या खोलीत त्याला नवे काही करायचे नव्हते. पाहायचेच होते, फक्त आता जे पाहिले ते मोठ्याने सांगायचे होते.

आणि मोठ्याने सांगणे ही साधी गोष्ट नाही. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधे वेळच वेळ असतो. चांगला समालोचक त्या वेळात पुढे काय होणार, मॅनेजरने काय करावे, का करावे, हे सांगतो. निकाल लागल्यावर अक्कल शिकवणारे पुष्कळ. चेंडू पडायच्या आधी जो आपले मत हजारो लोकांपुढे ठेवतो, त्याला रोज स्वतःचा हिशेब द्यावा लागतो. मॅनेजरच्या शेजारी बसणाऱ्या सहाय्यकाला हे भोगावे लागत नाही. त्याने मनात काय ठरवले होते ते त्याच्याखेरीज कुणाला कळते? शिवाय सहाय्यक एकाच मॅनेजरचा शागीर्द असतो. समालोचकाला मोसमभर समोर येणाऱ्या प्रत्येक संघाचा मॅनेजर दिसतो, त्याच्या खोडी, त्याची भीती, पिचर बदलण्याची त्याची वेळ. अठरा वर्षे हे करणाऱ्याला ‘अनुभव नाही’ म्हणायचे, तर अनुभव म्हणायचे तरी कशाला?

हन्सिकरला विरोध करणाऱ्यांकडेही दाखले होते, हे मान्य केले पाहिजे. १९६० साली शिकागो कब्जने मोसमाच्या सुरुवातीलाच आपला मॅनेजर चार्ली ग्रिम याला रेडिओच्या खोलीत पाठवले आणि रेडिओवरचा लू बूड्रो याला मॅनेजर केले. सरळ खुर्च्यांची अदलाबदल! बूड्रो काही नवशिका नव्हता. १९४८ साली क्लीव्हलँडला त्याने जगज्जेतेपद मिळवून दिले होते. तरी कब्ज रखडतच राहिले. तेव्हा मालक फिलिप रिग्ली याने पुढच्या वर्षी मॅनेजर हे पदच काढून टाकले आणि प्रशिक्षकांचे एक मंडळ नेमून त्यांनी आळीपाळीने संघ चालवावा असा फतवा काढला. तो प्रयोग कसा फसला ही वेगळीच करमणूक आहे. १९८० साली सॅन दिएगो पाद्रेजने समालोचक जेरी कोलमनला डगआउटमध्ये आणले. ७३ विजय, ८९ पराभव आणि कोलमन पुन्हा माइकवर. या दोन्ही उदाहरणांतून लोकांनी समालोचकांविषयी निष्कर्ष काढला. संघ मुळात किती बरे होते, हे कुणी विचारले नाही.

डायर्करच्या हाती बरा संघ आला. जेफ बॅगवेल आणि क्रेग बिजियो, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९९७ साली ॲस्ट्रोजने ८४ सामने जिंकून आपला विभाग जिंकला, अकरा वर्षांनंतर पहिल्यांदा. १९९८ साली १०२ सामने, क्लबाचा तोवरचा विक्रम, आणि डायर्कर नॅशनल लीगचा वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर. १९९९ साली ९७. २००० साली घसरगुंडी, त्याकडे पुढे येतो. २००१ साली ९३ आणि पुन्हा विभागाचे विजेतेपद. पाच वर्षांत चार.

आता तो दुसरा आकडा. १६२ सामन्यांच्या मोसमानंतर प्लेऑफ होतात आणि त्यांची पहिली फेरी तेव्हा पाच सामन्यांची होती. तीन जिंकेल तो पुढे. डायर्करच्या ॲस्ट्रोजने चारही वर्षी ही पहिलीच फेरी गमावली. अटलांटा ब्रेव्ह्जकडून तीनदा, पाद्रेजकडून एकदा. एकूण चौदा सामने, दोन विजय, बारा पराभव. ह्यूस्टनमध्ये हाच आकडा त्याच्या कपाळी चिकटला. मोसमभर चालतो, मोक्याच्या वेळी कच खातो. समालोचकच शेवटी, असेही लोक म्हणाले.

इथे थोडे गणित करू. बेसबॉल हा असा खेळ आहे की १०२ सामने जिंकणारा उत्तम संघसुद्धा ६० हरतो, म्हणजे दर तीनांतला एकाहून जास्त. शंभरात पंचावन्न सामने जिंकण्याची कुवत असलेला संघ पाच सामन्यांच्या मालिकेत शंभरातल्या सुमारे एकूणसाठ मालिका जिंकतो आणि एक्केचाळीस हरतो. एवढाच फरक. दोन्ही संघ तुल्यबळ धरले तर लागोपाठ चार मालिका हरण्याची शक्यता सोळात एक निघते. दुर्दैव म्हणायला पुरेशी, चमत्कार म्हणायला अपुरी. त्यात १९९७ आणि १९९९ साली समोर होते ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅविन आणि जॉन स्मोल्ट्झ. तिघेही हॉल ऑफ फेममधले पिचर. तुल्यबळ हा शब्दच मी ॲस्ट्रोजला उदार मनाने वापरला आहे.

आणि सामने पाहा. १९९८ साली ॲस्ट्रोज पहिला सामना १-२ हरले, दुसरा ५-४ जिंकले, तिसरा १-२ हरले, चौथा १-६ हरले. चार सामन्यांत आठ धावा. बॅगवेल-बिजियोच्या बॅटी या मालिकांमध्ये गप्प पडल्या. मोसमाच्या मध्यात आणलेला रँडी जॉन्सन ह्यूस्टनकडून दहा सामने जिंकून एकच हरला होता. मालिकेत त्याने सुरू केलेले दोन्ही सामने गेले. मॅनेजरने काय करायला हवे होते? १९९९च्या तिसऱ्या सामन्यात दहाव्या डावात तिन्ही बेसवर ॲस्ट्रोजचे धावक होते, एक हिट आणि सामना खिशात. अटलांटाच्या वॉल्ट वाइसने झेप घेऊन जमिनीलगतचा चेंडू अडवला, पडल्या पडल्या घराच्या बेसकडे फेकला आणि दोन डावांनंतर ॲस्ट्रोज हरले. वाइसच्या झेपेला डायर्करच्या खात्यावर मांडणे हा कसला हिशेब?

पण मग उलटा प्रश्नही विचारला पाहिजे. पराभव त्याचे नसतील, तर विजय त्याचे कसे? कॉलिन्सने जवळपास त्याच संघाकडून १९९६ साली ८२ विजय मिळवले होते. डायर्करने पहिल्या वर्षी ८४. विभाग दुबळा होता म्हणून ८४ पुरले. १०२ झाले त्यात मोइझेस अलू आणि जॉन्सन यांना आणणाऱ्या हन्सिकरचा वाटा मोठा. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मॅनेजरचा वाटा लहानच असतो, चांगल्याचाही. पण लहान वाटा दिसायचा असेल तर तो लांब पल्ल्यावरच दिसेल. पाच वर्षांच्या ८१० सामन्यांत ४४८ विजय, यात मॅनेजरच्या हाताचा थोडा तरी ठसा असणार. चौदा सामन्यांत ठसा नसतो, निव्वळ आवाज असतो.

लहान आकड्याचा मोह किती असतो याचा नमुना त्याच्याच कारकिर्दीत आहे. १३ जून १९९९ रोजी पाद्रेजविरुद्धच्या सामन्यात डायर्कर डगआउटमध्येच झटका येऊन कोसळला. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता निघाला, शस्त्रक्रिया झाली, आणि महिनाभराने, १५ जुलैला, तो परत बाकावर हजर. मधले २७ सामने सहाय्यक मॅट गॅलांटेने सांभाळले: १३ विजय, १४ पराभव. डायर्करच्या बाजूने लिहिणाऱ्याला हा आकडा फार सोयीचा आहे. तो असताना संघ जिंकतो, नसताना अडखळतो! पण चौदा सामन्यांवरून त्याला दोष देऊ नका म्हणणाऱ्याने सत्तावीस सामन्यांवरून त्याचे श्रेय वाढवू नये. (पुढे त्याने आठवणींचे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘धिस एन्ट ब्रेन सर्जरी’. विनोदबुद्धी शस्त्रक्रियेतून शाबूत सुटली होती.)

२००१च्या ऑक्टोबरमध्ये चौथी मालिका गेल्यावर डायर्करने राजीनामा दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ नोव्हेंबरला फिनिक्समध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला. ॲरिझोना डायमंडबॅक्सचा मॅनेजर होता बॉब ब्रेन्ली. जायंट्सचा जुना कॅचर, आदल्या मोसमापर्यंत याच क्लबाचा समालोचक, मॅनेजर म्हणून पहिलेच वर्ष. समोर न्यूयॉर्क यांकीजचा जो टॉरी; तोही जुना कॅचर, आणि दोन नोकऱ्यांच्या मधली सहा वर्षे एंजल्सच्या सामन्यांचे समालोचन करून आलेला. टीव्हीवर बोलत होता टिम मॅकार्व्हर, तोही कॅचर. शेवटच्या डावात २-२ अशी बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, एक बाद. टॉरीने धाव वाचवायला आपले जवळचे क्षेत्ररक्षक पुढे ओढले. मॅकार्व्हर म्हणाला की मारियानो रिव्हेराचा चेंडू डावखुऱ्याच्या अंगात येतो, त्यावर बॅटी मोडतात आणि चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत पडतो. पुढे ओढण्यात हाच धोका आहे. लगेच डावखुऱ्या लुइस गॉन्झालेसने तसाच अर्धवट लागलेला चेंडू तिथेच टाकला. ॲरिझोना जगज्जेते. समालोचकाला खेळ कळतो का, या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

ब्रेन्ली डायर्करपेक्षा शहाणा होता का? त्याच मालिकेत त्याने लागोपाठ दोन रात्री ब्युंग-ह्युन किमवर भिस्त ठेवली आणि दोन्ही रात्री नवव्या डावात, दोन बाद असताना, किमच्या चेंडूवर बरोबरी साधणारा होमरन बसला. दुसऱ्या रात्री त्याच पिचरला पाठवणे अनेकांना वेडेपणा वाटले. पण ब्रेन्लीकडे रँडी जॉन्सन होता, आणि या वेळी जॉन्सनने मालिकेतले तीन सामने जिंकून दिले. तीन वर्षांपूर्वी डायर्करच्या हाती जो हुकमाचा पत्ता चालला नाही, तोच इथे चालला. २००४च्या मध्यात ब्रेन्लीला काढले. त्या वर्षी त्याचा संघ १११ सामने हरला. तरी त्याच्या बोटात जगज्जेत्याची अंगठी आहे, डायर्करच्या नाही. आणि इतिहास अंगठ्या मोजतो.

मराठी वाचकाला हे ऐकल्यासारखे वाटेल. रवी शास्त्री समालोचनाच्या खोलीतूनच २०१४ साली भारतीय संघाचा संचालक आणि २०१७ साली मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या काळात भारताने ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका जिंकली, पहिल्यांदा, आणि मग पुन्हा. तरी हिशेब मांडताना लोक २०१९ची विश्वचषकाची उपांत्य फेरी आणि २०२१चा साउदॅम्प्टनचा कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना काढतात. ‘आयसीसीचा एकही चषक नाही.’ ऑस्ट्रेलियात महिना-दोन महिने चाललेल्या मालिकेपेक्षा मँचेस्टरच्या एका ढगाळ सकाळचे वजन जास्त भरते, हे तराजूबद्दल सांगते, शास्त्रीबद्दल नाही. शास्त्रीच्या बोलण्याचा मोठा आवाज मला कधी फारसा आवडला नाही. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

समालोचनाची शाळा काय शिकवत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती माणसे सांभाळायला शिकवत नाही. खोलीतून खेळाडू लांबून दिसतो, त्याच्या रागाशी, बायकोपोरांच्या आजाराशी, कराराच्या शेवटच्या वर्षाशी संबंध येत नाही. शिवाय अमेरिकेतल्या स्थानिक समालोचकाला पगार बहुधा क्लब किंवा क्लबाची वाहिनी देते, त्यामुळे तो निर्भीड टीकाकार असतो हेही अर्धेच खरे. आपल्याकडे २०२० साली समालोचक संजय मांजरेकर क्रिकेट मंडळाच्या यादीतून कसा गळला ते आठवावे. कडू बोलण्याचा सराव नसलेला माणूस डगआउटमध्ये गेल्यावर कडू बोलायला लगेच शिकतो असे नाही.

दुसरे, आपल्या काळाचा चष्मा. डायर्कर सुरुवातीच्या पिचरला इतरांपेक्षा जास्त वेळ मैदानात ठेवायचा. पिचरने आपले ओझे आपण वाहावे, हा ३०५ डाव टाकलेल्या माणसाचा विश्वास. १९९९ साली तो फळला: माइक हॅम्प्टन २२ विजय, होसे लिमा २१. पण ज्याचा स्वतःचा हात तिशीत संपला, त्याने दुसऱ्यांच्या हातांवर एवढी भिस्त ठेवावी, हे मला कळत नाही. २००० साली क्लब नव्या स्टेडियममध्ये गेला. डावीकडची भिंत जवळ, अवघ्या ३१५ फुटांवर. लिमाला त्या मोसमात ४८ होमरन बसले आणि सोळा पराभव वाट्याला आले. ॲस्ट्रोजच्या फलंदाजांनी स्वतः २४९ होमरन मारले आणि तरीही संघ ९० सामने हरला. बिजियो, बिली वॅग्नर जखमी होते हे खरे. तरी ते वर्ष मी डायर्करच्या खात्यावरून पुसणार नाही. त्याच्या चुका शोधायच्या तर त्या १६२ सामन्यांत शोधाव्यात. त्या तिथे आहेत, मोजण्याइतक्या मोठ्या आहेत, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाने त्याच स्टेडियममध्ये ९३ सामने जिंकले हेही तिथेच आहे.

यांकीजने २०१७च्या डिसेंबरमध्ये टीव्हीवरच्या ॲरन बूनला मॅनेजर केले, कुठल्याही संघाचे प्रशिक्षण न केलेल्या माणसाला, तेव्हा ह्यूस्टनचा दाखला डोळ्यांसमोर होताच. बूनच्या संघाने पहिल्या दोन्ही मोसमांत शंभर किंवा त्याहून जास्त सामने जिंकले.

२००२ साली ॲस्ट्रोजने डायर्करची ४९ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्याच्यानंतर मॅनेजर येत गेले, जात राहिले. २००५ साली क्लब वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोहोचला, पण तो विभागात दुसरा येऊन, वाइल्ड कार्डच्या दाराने. १६२ सामन्यांच्या शर्यतीत आपल्या विभागात पहिले यायला ह्यूस्टनला २०१७ साल उजाडावे लागले.